हाय वान घाटातील एक दिवस आणि माझा गहाण पडलेला पासपोर्ट

मार्च महिन्यात मी आणि माझी पत्नी मध्य व्हिएतनाममध्ये होतो. ह्वे या जुन्या राजधानीच्या शहरातून होई आनला जाताना मधला हाय वान घाट मोटारसायकलवरून पार करायचा, हे आम्ही घरून निघतानाच ठरवले होते. हा बेत हजारो प्रवासी करतात आणि त्यांतले बहुतेक जण आनंदाने परततात. आमच्या बाबतीत जे घडले, त्यात कोणी आम्हाला हात लावला नाही, कोणी आवाजही चढवला नाही. तरीही संध्याकाळी सुमारे पन्नास लाख डोंग, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास सतरा हजार रुपये, आम्ही स्वतःच्या हाताने मोजून दिले. ते कसे घडले हे क्रमाने लिहीत आहे, कारण नंतर विचार करताना लक्षात आले की सापळा संध्याकाळी लागलेला नव्हता. सकाळपासून एकेक गोष्ट मी त्या माणसाच्या स्वाधीन करत गेलो होतो आणि संध्याकाळी त्याला फक्त मूठ मिटायची होती.

या सहलीचे दोन प्रकार असतात. एकात गाइड गाडी चालवतो आणि आपण मागे बसतो. दुसऱ्यात आपण स्वतः गाडी चालवतो आणि गाइड पुढे राहून वाट दाखवतो. दोन्ही प्रकारांत सकाळी ह्वेहून निघून, वाटेत ठिकठिकाणी थांबत संध्याकाळी होई आनला पोहोचवतात. घाट स्वतःच्या हाताने चालवण्याची हौस मला होती. पत्नीने मात्र शहाणपणा करून मागे बसणे पसंत केले. एका जाहिरातीवरील क्रमांकावर निरोप पाठवला, तर तासाभरात उत्तर आले: माणशी दहा लाख डोंग, त्यात पेट्रोल, जेवण, प्रवेशशुल्क आणि सामान पोहोचवणे सगळे धरलेले. आदल्या संध्याकाळी एक मध्यमवयीन, अत्यंत आर्जवी गृहस्थ हॉटेलात येऊन निम्मी रक्कम रोख घेऊन गेले. त्यांनी दिलेल्या पावतीवर रक्कम होती, तारीख होती आणि एक फोन क्रमांक होता. नाव, पत्ता किंवा गाडीचा क्रमांक नव्हता. मी ती पावती न वाचताच घडी करून पाकिटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी पंचविशीतला एक तरुण आणि त्याच्यासोबत वयस्क, अबोल असा दुसरा चालक आला. साहेबांची तब्येत बरी नाही, असे तरुणाने सांगितले. ज्याच्याशी बोलणी झाली तो वेगळा आणि प्रत्यक्ष येणारा वेगळा, ही पहिली खूण होती. पण अनामत देऊन झाल्यावर माणूस अशा खुणांकडे काणाडोळा करतो, कारण त्याला आता सहल मोडायची नसते. आमच्या दोन्ही बॅगा त्यांनी एका व्हॅनमध्ये ठेवल्या आणि त्या थेट होई आनच्या हॉटेलात पोहोचतील असे सांगितले. मग त्या तरुणाने गाडी भाड्याने दिल्याची नोंद करायची म्हणून माझा पासपोर्ट मागितला.

तो मी दिला. का दिला, याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण वाचणाऱ्याला हा निव्वळ बावळटपणा वाटेल. व्हिएतनाममध्ये परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करण्याची जबाबदारी हॉटेलवर असते आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट मागितला जातो. आठवडाभरात तो इतक्या काउंटरांवर देऊन झाला होता की हात सवयीने पुढे गेला. पण हॉटेल आणि रस्त्यात भेटलेला गाडीवाला यांत फरक आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असे त्याच पुस्तिकेत छापलेले असते. ती कोणाकडे तारण म्हणून ठेवण्याची वस्तू नव्हे. तारण हवेच असेल तर रोख रक्कम द्यावी आणि पासपोर्टची छायाप्रत द्यावी. समोरचा तेवढ्यावर राजी नसेल, तर त्याची गाडी घेऊ नये.

त्यानंतर त्याने माझा वाहन परवाना पाहायला मागितला. मी भारतातून काढलेली आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका दाखवली. त्याने ती चाळली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि हसून परत केली. त्या हसण्याचा अर्थ संध्याकाळी कळला. व्हिएतनाममध्ये ५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलीला परवाना लागतो आणि परदेशी माणसाच्या बाबतीत रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे मानला जातो. माझ्या पुस्तिकेवर १९४९ च्या कराराचा उल्लेख होता. हा फरक मला ठाऊक नव्हता. त्याला पुरेपूर ठाऊक होता. नियमाप्रमाणे व्यवसाय करणाऱ्याने तिथल्या तिथे सांगितले असते की, तुम्ही मागे बसा. प्रवास विम्याच्या अटीही जाण्यापूर्वी वाचून ठेवाव्यात. वैध परवान्याशिवाय गाडी चालवताना अपघात झाला, तर विमा कंपन्या सहसा हात वर करतात.

गाडी ११० सीसीची, हाताचा क्लच नसलेली होती. मी ब्रेक, हॉर्न आणि दिवे तपासले आणि स्वतःच्या चोखंदळपणावर खूश झालो. गाडीच्या उजव्या बाजूच्या प्लास्टिकवर एक मोठे रंगीत स्टिकर होते. ते मला दिसले, पण त्याच्याखाली काय आहे असा प्रश्न मनात आला नाही.

दिवस मात्र सुंदर गेला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. लाप आनच्या खाऱ्या सरोवरात कालवांच्या शेतीसाठी रोवलेल्या काठ्यांच्या रांगा, पलीकडे निळसर डोंगर, मग लांग कोची पांढरी वाळू आणि तिथून सुरू होणारी चढण. हाय म्हणजे समुद्र आणि वान म्हणजे ढग; घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत या नावाची प्रचिती येते. सुमारे २१ किलोमीटरचा हा घाट समुद्रसपाटीपासून ४९६ मीटर उंचीवर जातो. २००५ साली डोंगराखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाल्यापासून मोटारी आणि बस तिकडून जातात. घाटात उरतात ते मुख्यतः दुचाकीस्वार, पर्यटक आणि ज्यांना बोगद्यात प्रवेश नाही असे इंधनाचे टँकर. माथ्यावर १८२६ साली, सम्राट मिन्ह मांग याच्या काळात, बांधलेली हाय वान क्वान ही वेस आहे आणि तिच्या आजूबाजूला पुढच्या युद्धांतले काँक्रीटचे बंकर आहेत. खाली समुद्राला बिलगून जाणारा लोहमार्ग मधूनच दिसतो. अशा ठिकाणी माणूस गाडीच्या प्लास्टिककडे पाहत नाही.

लांग कोला जेवणासाठी थांबलो, तेव्हा गाड्या उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला, आमच्या नजरेआड लावण्यात आल्या. जेवताना तो तरुण दोनदा उठून बाहेर गेला. त्या वेळी यात काहीच वावगे वाटले नाही आणि आजही मी शपथेवर एवढेच सांगू शकतो की तो उठून गेला. जेवणानंतर गाडीवर स्टिकर होते की नव्हते, हे मला आठवत नाही.

घाट उतरून दा नांगच्या हद्दीत आल्यावर होई आनच्या रस्त्याला लागण्याऐवजी तो एका गल्लीतील गॅरेजकडे वळला. चेनमधून आवाज येत आहे, पाच मिनिटे लागतील, असे कारण सांगितले. तिथे मेकॅनिकने गाडीभोवती एक फेरी मारली, उजव्या बाजूला वाकून पाहिले आणि दोघांचे काही बोलणे झाले. मग मला बोलावून दाखवण्यात आले: प्लास्टिकच्या पॅनेलला वीतभर तडा, सायलेन्सरला पोचा, आरशाच्या दांड्यावर ओरखडे. गाडी तुम्ही पाडलीत, असे त्या तरुणाचे म्हणणे होते. गाडी पडलेली नव्हती. हे मी चार वेळा सांगितले आणि चारही वेळा त्याने शांतपणे मान डोलावली. मेकॅनिकने कागदावर आकडा लिहिला: ऐंशी लाख डोंग.

मी पोलिसांना बोलावण्याची भाषा केली. त्यावर त्याने मोबाइल काढून माझ्या परवान्याचा सकाळी घेतलेला फोटो दाखवला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला की, अवश्य बोलवा, पण हा परवाना इथे चालत नाही, दंड तुम्हालाच होईल आणि दोन दिवस इथेच जातील. दोन दिवसांनी आमचे परतीचे विमान होते, आणि ही गोष्ट मीच सकाळी गप्पांच्या ओघात त्याला सांगितली होती. पासपोर्ट त्याच्या साहेबांकडे, बॅगा त्याच्या व्हॅनमध्ये, परवान्याचा दोष त्याच्या मोबाइलमध्ये आणि आमची घाई त्याच्या हिशेबात. माझी बाजू खरी असूनही मला उभे राहायला जागा नव्हती.

घासाघीस करून आकडा पंचेचाळीस लाखांवर आला. एवढी रोकड जवळ नव्हती, म्हणून त्याने मला स्वतःच्या गाडीवर मागे बसवून एटीएमवर नेले. पत्नी तेवढा वेळ त्या गॅरेजमध्ये एकटी बसून होती. पैशांपेक्षा ती वीस मिनिटे मला आजही जास्त बोचतात. दोनदा कार्ड घालून पैसे काढले. तिला दिवसभर मागे बसवून आणणारा तो वयस्क चालक आम्ही परतलो तेव्हा दूर रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा होता. त्याचा यात वाटा होता की तोही नोकरीपुरता अडकलेला होता, हे मी ठरवू शकलेलो नाही.

पैसे देताना आणखी एक प्रकार झाला. पंचेचाळीस लाख आणि सहलीचे उरलेले दहा लाख, अशा पाच लाखांच्या अकरा नोटा मी त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या पटपट मोजल्या, मध्येच थांबला आणि एक नोट पुढे करून म्हणाला की, ही वीस हजारांची आहे. आणि ती खरोखरच वीस हजारांची होती. व्हिएतनामच्या वीस हजारांच्या आणि पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या आणि दोन्हींवर हो चि मिन्ह यांचे चित्र असते. थकलेल्या डोळ्यांना संध्याकाळच्या उजेडात फरक कळत नाही. चूक माझीच असे समजून मी ती परत घेतली आणि पाच लाखांची बारावी नोट दिली. पण एटीएममधून पाच लाखांच्याच नोटा आल्या होत्या आणि वीस हजारांची एकही नोट त्या दिवशी माझ्या पाकिटात नव्हती, हे मला हॉटेलात पोहोचल्यावर आठवले. त्या नोटेच्या मागच्या बाजूला होई आनचा जपानी पूल छापलेला असतो. मोठी रक्कम देताना प्रत्येक नोट आपण मोठ्याने मोजत टेबलावर ठेवावी आणि समोरच्याच्या हातात गेलेली नोट बदलून मागितली, तर आधी सगळा गठ्ठा पुन्हा मोजायला लावावा.

पैसे मिळताच फोन गेला आणि पंधरा मिनिटांत कोणीतरी पासपोर्ट घेऊन आले; म्हणजे तो सकाळपासून आमच्या मागेमागेच प्रवास करत होता. बॅगा होई आनच्या हॉटेलात सुखरूप पोहोचल्या होत्या.

रात्री पत्नी दिवसभरातले फोटो पाहत होती. लाप आनच्या काठावर, जेवणाच्या बऱ्याच आधी, तिने माझा गाडीवर बसलेला एक फोटो काढला होता. तो मोठा करून पाहिला, तेव्हा स्टिकरच्या खालच्या कडेतून बाहेर आलेली तड्याची रेघ स्पष्ट दिसली. सायलेन्सरचा पोचाही त्यात होता. हा पुरावा संध्याकाळी गॅरेजमध्येही आमच्याच खिशात होता आणि तो पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती सावकाश फिरून, देणाऱ्याचा चेहरा, नंबरप्लेट आणि प्रत्येक ओरखडा टिपणारे मिनिटभराचे चित्रीकरण त्याच्यादेखत केले असते, तर बहुधा त्याने दुसरे गिऱ्हाईक शोधले असते. स्टिकर आणि चिकटपट्टी दिसल्यास ती काढून दाखवायला सांगावी.

दुसऱ्या दिवशी हॉटेलमधील बाईंनी आमच्या वतीने पावतीवरचा क्रमांक लावला. तो बंद होता. त्यांना सोबत घेऊन पोलीस चौकीत गेलो. अधिकाऱ्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि तीन गोष्टी विचारल्या: माणसाचे नाव, व्यवसायाचा पत्ता, गाडीचा पूर्ण क्रमांक. फोटोत नंबरप्लेटचे शेवटचे दोन आकडे माझ्या पायाआड गेले होते. मी स्वतः गाडी चालवत होतो का, हेही त्याने विचारले आणि मी हो म्हणालो. त्यापुढे प्रकरण गेले नाही.

परतीच्या वाटेवर दा नांगच्या विमानतळावर एक वृद्ध फ्रेंच दांपत्य भेटले. त्यांनीही त्याच आठवड्यात तोच घाट पाहिला होता, पण दोघेही गाइडच्या मागे बसून, बॅगा त्याच गाड्यांच्या कॅरिअरला बांधून आणि निम्मे पैसे होई आनला उतरल्यावर देऊन. त्यांच्याकडे कोणी परवाना मागितला नव्हता, पासपोर्ट मागितला नव्हता आणि गाडीला काही झाले असते, तरी ते चालवणाऱ्याचे होते. घाट त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसला असावा, कारण त्यांची नजर वळणांवर नव्हती.

घरी आल्यावर मी ती जाहिरात पुन्हा शोधली. ती नाहीशी झाली होती. तेच फोटो आता दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या क्रमांकासह दिसतात. तिसऱ्या फोटोत घाटमाथ्यावरच्या वेशीसमोर एक गाडी उभी आहे आणि तिच्या उजव्या अंगावर तेच रंगीत स्टिकर आहे.