गॅलरीच्या रेलिंगसाठी रेड ऑक्साइड की झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर?

दादर, वरळीसारख्या समुद्रालगतच्या भागात रेलिंगचा गंज बहुधा आधी दिसतो तो सळईच्या तळाशी, जिथे ती कठड्यात रुतलेली असते आणि पावसाचे पाणी साचून राहते. रेड ऑक्साइडचा प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात हा उपाय स्वस्त आहे, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि तारेच्या ब्रशने घासूनही उरलेला थोडाफार घट्ट गंज खपवून घेतो. मात्र तो मुख्यतः हवा-पाणी अडवतो, त्यामुळे चीर पडली की गंज आतल्या आत पसरून रंगाचे पोपडे सुटतात. झिंकयुक्त इपॉक्सीतील जस्त पोलादाआधी स्वतः झिजते, म्हणून लहानसा ओरखडा लगेच घातक ठरत नाही. पण त्यासाठी धातू पूर्ण उघडा होईपर्यंत ग्राइंडरने खरवडावा लागतो, हार्डनर (प्रायमर घट्ट करणारा दुसरा घटक) मिसळलेला प्रायमर ठरावीक वेळेत संपवावा लागतो आणि वर उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेनचा हात द्यावा लागतो. समुद्राकडच्या गॅलरीला मला हाच पर्याय योग्य वाटतो. इमारतीच्या आतल्या जिन्यासाठी मात्र ती उधळपट्टी आहे. प्रायमर कोणताही असो, खारट थर गोड्या पाण्याने धुऊन रेलिंग पूर्ण वाळवावे आणि काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावे.