मनगटाची नाडी थांबली, मानेची कोणी पाहिलीच नाही: ‘अष्टसिद्धी शिबिरा’त गेलेले १,७५,६०० रुपये

सिद्धी, म्हणजे अलौकिक शक्ती, मिळवून देतो म्हणणाऱ्या एका महाराजांच्या एकवीस दिवसांच्या ‘अष्टसिद्धी शिबिरा’त मी फसले. हिशेब आधी मांडते. नोंदणी १,१०० रुपये. पहिली पायरी ‘नाडीशुद्धी’, २१,०००. साधना संच ६,५००. त्यात एक निरांजन, लोकरीचं आसन, स्फटिकाची माळ आणि बत्तीस पानांची चोपडी. शक्तिपात, म्हणजे गुरूने शिष्यात शक्ती सोडण्याची दीक्षा, ५१,०००. सात दिवसांची एकांत साधना, जिच्या शेवटी लघिमा (शरीर हलकं करण्याची सिद्धी) ‘उघडणार’ होती, ८१,०००. आणि बारा वर्षांच्या भाचीच्या ‘दिव्यदृष्टी’चे १५,०००, तेही मीच भरले. एकूण १,७५,६००. याशिवाय माझ्या योगवर्गातले अकरा जण माझ्याकडे बघून आले. त्यांनी नोंदणी आणि पहिली पायरी मिळून प्रत्येकी २२,१०० भरले. ते २,४३,१०० रुपये माझ्या हिशेबात नाहीत, पण रात्री झोप त्यांनीच उडवली आहे.

आमच्या किनारपट्टीवर अशी शिबिरं घेणारी मंडळी कधी उतरतात ते लक्षात घ्या. मे अखेर, जेव्हा वाशीच्या दलालाकडून आंब्याची शेवटची पट्टी (विक्रीचा हिशेब) आलेली असते आणि घरात वर्षातला एकमेव मोठा पैसा असतो. दुसरी वेळ गणपतीची, चाकरमानी गावात असतात तेव्हा. समुद्राजवळचं एखादं होमस्टे एकवीस दिवसांसाठी घेतात. गावकऱ्यांना पहिले तीन दिवस फुकट प्रवेश, देवळात देवापुढे रीतसर गाऱ्हाणं (प्रार्थना), सरपंचाच्या हस्ते दीपप्रज्वलन. पुढच्या पायऱ्यांचा दर तोपर्यंत कोणी उच्चारत नाही.

मी चौदा वर्षं योग शिकवते. कोणी म्हणेल, मग तुम्ही कशा फसलात? जाणकार होते म्हणूनच फसले. आमच्यासाठी सिद्धी हा शब्द परका नाही. पातंजल योगसूत्रांचा तिसरा पाद (भाग) विभूतिपाद म्हणूनच ओळखला जातो. धारणा, ध्यान आणि समाधी एकाच विषयावर लावली की संयम, आणि कशावर संयम केला की काय साधतं ते तिथे सूत्रागणिक दिलंय. कंठकूपावर (गळ्याच्या खळगीवर) केला तर भूक-तहान निवते, बळावर केला तर हत्तीचं बळ, शरीर आणि आकाश यांच्या संबंधावर केला तर कापसासारखं हलकं होऊन आकाशगमन. अणिमा, लघिमा यांचा उल्लेखही त्याच पादात. ज्या ग्रंथावर आपला सगळा अभ्यास उभा, त्यातलीच सूत्रं समोरचा माणूस स्पष्ट उच्चारात म्हणतोय म्हटल्यावर कान टवकारतात.

पण त्याच पादात दुसरंही एक सूत्र आहे: ‘ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः’. जगात वावरताना ज्या सिद्धी वाटतात, त्या समाधीच्या वाटेवर विघ्नं आहेत. शिबिराच्या चोपडीत सिद्धी मिळण्याची सूत्रं क्रमाने छापली होती आणि नेमकं हे गाळलं होतं. मला ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. मी मनात म्हटलं, जागा कमी पडली असेल. बत्तीस पानांत चार पानं गुरूंच्या फोटोंची होती!

आता पद्धत सांगते, कारण ती सगळीकडे सारखीच असते.

त्यांची सगळ्यात बळकट बाजू ही, की शिबिरात जे जाणवतं ते खरंच जाणवतं. नाडीशुद्धीच्या नावाखाली पंचेचाळीस मिनिटं तोंडाने जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम) करणाऱ्याला ठाऊक आहे, दहा-वीस आवर्तनं, मग कुंभक (श्वास रोखणं), मग विश्रांती. इथे विश्रांतीच नाही, वर ढोलाचा ठेका. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घसरतो, रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं. ओठांना, बोटांना मुंग्या येतात, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसून डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे चमकतं, काहींना रडू फुटतं. मग हात आखडतात: मनगट वळतं, अंगठा तळव्यात जातो, बोटं सरळ एकमेकांना चिकटतात. डॉक्टर याला पेटका म्हणतील. शिबिरात सांगतात, ‘बघा, मुद्रा आपोआप लागली, कुंडलिनी जागी झाली.’ मे महिन्यात, खिडक्या बंद केलेल्या हॉलमध्ये, चाळीस माणसं घामाने निथळत, आदल्या रात्रीपासून फक्त फळांवर. हे कोणालाही होईल. खात्री करायची तर एकदा मुंग्या आल्यावर पाच-दहा मिनिटं नाकाने सावकाश श्वास घ्या. ‘कुंडलिनी’ परत झोपते. अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर त्या हॉलमध्ये पाऊलही टाकू नका. हठयोगप्रदीपिकेत स्वच्छ बजावलंय, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो. एकवीस दिवसांत वाघ वश करून देतो म्हणणाऱ्याला हा श्लोक म्हणून दाखवायला सांगा.

‘आभामंडल दर्शना’चंही तेच. निरांजनावर वीस मिनिटं त्राटक (एकटक बघणं) करून घेतात, मग महाराज भगव्या वस्त्रांत पांढऱ्या चादरीपुढे बसतात. टक लावून पाहिलं की त्यांच्याभोवती निळसर तेजाची कड दिसते. दिसतेच, कारण केशरी रंगाने थकलेल्या डोळ्याला त्याचा विरुद्ध रंग निळा भासतो आणि नजर किंचित हलली की तो कडेला बाहेर येतो. महाराजांच्या जागी मच्छीमारांचा केशरी बोया ठेवून बघा, त्यालाही तीच कड दिसेल. मी घरी तुळशीपाशी चादर बांधून केलं. पैसे गेल्यानंतर केलं.

आता तो दहावा दिवस. ‘प्राणनिरोध’, म्हणजे इच्छेने नाडी थांबवणं, दाखवणार होते. महाराज जाड शाल पांघरून बसले, हात छातीशी. म्हणाले, ‘ताई योगशिक्षिका आहेत, त्यांनाच बघू द्या.’ उजवं मनगट माझ्या हातात दिलं. नाडी चांगली भरलेली लागत होती. मग बारीक झाली आणि साधारण वीस सेकंदांत गेली. मी बोटं सरकवून पाहिलं, दाब कमी-जास्त केला. नाही. आणि मी, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, ‘नाडी लागत नाही.’ माझ्या त्या तीन शब्दांवर हॉल उभा राहिला. संध्याकाळी शक्तिपाताची नोंदणी उघडली. त्यात माझे ५१,०००.

काखेत लिंबू किंवा घट्ट गुंडाळलेला रुमाल ठेवून दंड बरगडीवर आवळला की दंडाची धमनी दबते आणि मनगटाची नाडी जाते. हृदय मजेत चालू असतं. ही जत्रेतली युक्ती आहे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांतून मुलांना करून दाखवतात. मान माझ्यापासून वीतभर लांब होती. दोन बोटं स्वरयंत्राच्या बाजूला ठेवली असती तर तिथेच संपलं असतं. शाल मे महिन्यात कशाला, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. हात बाजूला पसरा म्हटलं असतं तरी. मी विचारलं नाही, कारण चाळीस माणसांपुढे मला ‘जाणकार’ म्हणून मान मिळाला होता आणि तो मला हवा होता. त्या दिवसाकडे मला अजून बघवत नाही. ज्यांना पुढे कधी असं मनगट दिलं जाईल त्यांनी ध्यानात ठेवा: त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावूनही उपयोग नाही, रक्तच पोचत नसल्याने तोही आकडा दाखवणार नाही. मान बघा, छातीला कान लावा. दुसरी तऱ्हा छाती आवळून श्वास रोखण्याची. तिने मनगटाची नाडी क्षीण होते, हृदयाचे ठोके ऐकू येईनासे होतात, पण हृदय थांबत नाही. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतातल्या योग्यांवर यंत्रं लावून केलेली ही तपासणी १९६१ सालीच प्रसिद्ध झाली आहे.

लघिमेवर फार लिहीत नाही. फोमच्या गाद्यांवर पद्मासनात उड्या मारायला लावतात आणि ‘दार्दुरी’ म्हणजे बेडूकउडी हा जुना शब्द पुढे करून याला उड्डाणाची पहिली अवस्था म्हणतात. ताकद मांड्यांची आणि कमरेची असते. उडी सर्वांत उंच असताना काढलेला फोटो म्हणजे तरंगण्याचा पुरावा नव्हे; सलग व्हिडिओ मागा. बांधलेल्या पायांवर आपटून गुडघ्यातली कूर्चा फाटते, माकडहाड दुखावतं. आमच्यातल्या एका काकांचा गुडघा अजून सुजलेला आहे. १९६६ साली मुंबईत एका हठयोग्याने तिकिटं लावून पाण्यावर चालण्याचा प्रयोग केला आणि तो पहिल्याच पावलाला बुडाला. हे मी वर्गात स्वतः सांगत आले आहे.

भाचीचं मात्र सांगायलाच हवं. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि मुलं रंग ओळखतात, वाचतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते. मूल हनुवटी वर करून तिथून खाली बघतं. पुस्तक नेहमी छातीखाली धरलेलं असतं ते यासाठी. हनुवटीखाली एक आडवा पुठ्ठा धरा किंवा पुस्तक कपाळासमोर न्या, वाचन तिथेच थांबतं. भाचीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तिने मला नंतर रडत सांगितलं, ‘मावशी, सगळेच बघत होते, मी खरं बोलले असते तर तुझे पैसे फुकट गेले असते.’ बारा वर्षांच्या पोरीला खोटं बोलायचं ओझं मी १५,००० रुपये देऊन विकत आणलं.

पैसे देतानाच्या खुणा: क्यूआर कोडवर नाव संस्थेचं नसून तिसऱ्याच माणसाचं येत होतं. पावतीवर ‘ऐच्छिक गुरुदक्षिणा, परत मिळणार नाही’. न्यासाचा नोंदणी क्रमांक मागा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असेल तर तो पावतीवर असायला हवा. आमच्या पावतीवर नव्हता. एकांत साधनेच्या चौथ्या दिवशी मंडळी ‘हिमालयातून बोलावणं आलं’ म्हणून निघून गेली. होमस्टेवाल्याचंही भाडं थकलेलं निघालं.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अंमलदार म्हणाले, ‘तुमका कोणी जबरदस्ती केल्यान काय?’ तिसऱ्या खेपेला सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. मी जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढलं तर उत्तर आलं, तो नरबळीसाठी असतो. तो कायदा २०१३ चा आहे, आणि तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणं, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं हे त्याच्या परिशिष्टात सरळ लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षकच नेमलेले असतात. म्हणजे ज्या ठाण्यात मी उभी होते तिथेच ही जबाबदारी, आणि तिथेच मला हा कायदा मोबाइलवर उघडून दाखवावा लागला. प्राचीन विद्या शिकवण्याला कायद्यात मोकळीक आहे, हे वाक्य मात्र त्यांना लगेच सापडलं! लिंबू काखेत ठेवून नाडी थांबवणं ही कुठली प्राचीन विद्या, याला उत्तर नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर ‘ओटीपी सांगितला होता का?’ नाही म्हटल्यावर बँकेकडे जा. बँक म्हणते, तुम्हीच पाठवलेत, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेचा उतारा आणा. घरापासून ठाण्याला जायला दोन एस.टी. बदलाव्या लागतात. मी सात खेपा घातल्या. अकरापैकी एकच जण सोबत आला, बाकीच्यांना गावात नाव व्हायची भीती. गावातले लोक तर उलट मलाच म्हणाले, साधूचा शाप लागेल, सोड.

कोणी या फेऱ्यात असेल तर एवढं करा. तोंडी बोलू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ते अर्जात लिहा. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज करता येतो, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पायऱ्यांचे दर छापलेलं पत्रक जपून ठेवा, ‘ऐच्छिक’ म्हणणाऱ्यांविरुद्ध तोच पुरावा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. व्हॉट्सअ‍ॅप गटातून ते तुम्हाला काढतील, त्याआधी सगळं संभाषण बाहेर काढून ठेवा. मला तर लगेच काढलं.

माझ्याकडे आज अधीक्षक कार्यालयाची पोच आहे, गुन्हा क्रमांक नाही. पत्रकावरचा तोच फोटो, नाव बदलून, आता रत्नागिरीच्या बाजूच्या एका गावातून मला पाठवला गेलाय. शिबिर गणपतीनंतर पाचव्या दिवशी सुरू होतंय. पहिले तीन दिवस प्रवेश मोफत.