गेन वाढवला की धूम गायब: पिएझो प्रीअँपचा अनुभव

पखवाजाला लावलेल्या २७ मिमीच्या पिएझो चकतीसाठी (कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा पिकअप) हा प्रीअँप, म्हणजे तो बारीक सिग्नल मोठा करणारा डबा, दिवाळीत घेतला. तेव्हा चार स्टार दिले होते, आता दोन. डबा दणकट, ९ व्होल्टची बॅटरी बरी टिकते. राग आहे तो गेनच्या, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणाऱ्या, नॉबवर.

घरी गेन खाली ठेवून वाजवलं तर धूम (डाव्या पुडीचा खर्ज) मस्त गोल यायची. सप्ताहात, मंडपात नॉब पूर्ण फिरवला आणि धूम गेलीच. उजव्या, शाईच्या पुडीचा ‘ता’ तेवढा कानात टाचणीसारखा. सर्व्हिसवाला म्हणाला, “आयसी हलका आहे, भारी टाकतो.” सिग्नल वाढवणारा ५५३२ आयसी काढून टीएल०७२ बसवला, आयसीच्या कितीतरी पट मजुरी घेतली. फरक काडीचाही नाही.

पडणार कसा? डबा उघडून बघितला तर सर्किट इन्व्हर्टिंग, म्हणजे सिग्नल रेझिस्टरमधून आयसीच्या उलट्या इनपुटला, पिन २ला. फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणलेला सिग्नल) त्या पिनला जवळजवळ ग्राउंडवरच धरून ठेवतो. मग ५५३२चा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स ३०० किलोओहम असो की टीएल०७२चा त्याच्या लाखो पट, चकतीला दिसतो फक्त पुढचा रेझिस्टर. आणि या महाभागांनी गेनचा १०० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) तिथेच, १० किलोच्या सिरीजमध्ये घातलाय! गेन कमी असताना इनपुट ११० किलो, पूर्ण वर नेला की १०. माझी चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर; पुढचा रेझिस्टन्स जितका कमी, तितका तिचा बास जास्त कापला जातो. म्हणजे बास कापायची सुरुवात ७२ हर्ट्झवरून थेट ८००च्या घरात. फीडबॅकला १०० किलो धरून हिशोब केला: वरचे सूर अकरा पट वाढतात, ८० हर्ट्झ जेमतेम दीडपट. ‘पिएझोसाठी खास’ असं वर छापलंय, ते वेगळंच.

शेवटी पुण्यात पासोड्या विठोबाजवळून किरकोळ पैशांत रेझिस्टर आणले. सिग्नल पिन ३ला (सुलट इनपुट), तिथून ४.५ व्होल्टच्या बायसला (बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजला) १ मेगाओहम, पॉट फीडबॅकमध्ये. या नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत फीडबॅक आयसीचा इनपुट रेझिस्टन्स उलट वाढवतो, त्यामुळे हिशोबात उरतो तो १ मेगाच. बास आता ८ हर्ट्झपर्यंत शाबूत. इथे मात्र टीएल०७२च हवा. ५५३२चा २०० नॅनोअँपिअरचा बायस करंट (त्याच्या इनपुटला लागणारा) १ मेगावर ०.२ व्होल्ट सरकवतो. म्हणजे सर्व्हिसवाल्याचे पैसे आडमार्गाने वसूल झाले म्हणायचे.

आता मंडपात धूम पोचते. थोडी हम (विजेची गुणगुण) येते, कारण डबा प्लास्टिकचा. आतून तांब्याची पट्टी लावून अर्थ केल्यावर बरीच दबली. कंपनीला सगळं कळवलं, सर्किटचा फोटोही पाठवला. उत्तर आलं: डबा उघडल्यामुळे वॉरंटी रद्द.