डोंबिवलीत फ्लॅट बघताय? आमचे पाच लाख कसे अडकले ते आधी वाचा

लालबागला १८० फुटाच्या खोलीत आम्ही पाच जणं राहतो, पोरं मोठी झाली म्हणून घर शोधायला लागलो. ह्यांचं ऑफिस घाटकोपरला, म्हणजे विरार-नालासोपारा बादच, बदलापूर लांब पडतं, मग डोंबिवली बरी, तिथून सुटणारी लोकल तरी मिळते. एजंटने रविवारी दुपारी स्टेशनवरून कारने नेलं, सात मिनिटात पोचलो. नंतर मी एकटी सोमवारी सकाळी साडेआठला गेले तर रिक्षाच्या लायनीतच वीस मिनिटं गेली. पण तोवर पैसे देऊन झाले होते.

सॅम्पल फ्लॅटमधे मी मुद्दाम किचनचा नळ सोडून बघितला, धो धो पाणी. सोमवारी बघते तर बिल्डिंगच्या मागे टँकर उभा आणि पाइप टाकीत सोडलेला.

पण खरी फसवणूक पाण्याची नाही, कागदांची होती. बोर्डावर रेराचा, म्हणजे बिल्डरांचे प्रोजेक्ट नोंदवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा नंबर होता, आम्ही तो रेराच्या वेबसाइटवर टाकला, प्रोजेक्ट दिसला, झालं, आम्ही निश्चिंत. तिथले कागद बिल्डरच अपलोड करतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबर घेतलेल्या ६५ बिल्डिंगी निघाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मधे हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, हे आम्ही पेपरात वाचलेलं होतं तरी! ती बिल्डिंग आपली नसणार असंच माणसाला वाटतं.

फ्लॅट ३८ लाखांचा. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, म्हणजे ३ लाख ८० हजार. आमच्याकडून पाच घेतले, तीन चेकने आणि दोन कॅश. कॅशसाठी सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडल्या.

मग सरकारी बँकेने लोन नाकारलं, लीगल क्लिअर होत नाही म्हणून. आम्ही तिथेच थांबायला हवं होतं. एजंट म्हणाला, वहिनी, या बँका असंच छळतात, आपली फायनान्स कंपनी चार दिवसात करून देते, व्याज जरासं जास्त. सगळ्यांना हात जोडून सांगते, बँकेचा वकील नको म्हणाला की तो आपल्यासाठीच नको म्हणतोय, तिथून दुसऱ्या फायनान्सकडे जाऊ नका.

मला मात्र झोप लागेना. सीसीची, म्हणजे बिल्डिंग बांधायला महापालिका देते त्या परवानगीची झेरॉक्स घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात गेले. तिथल्या क्लार्कने जावक रजिस्टर काढलं, बोटाने ओळी खाली खाली नेत आमच्या नंबरावर थांबला आणि म्हणाला, ताई, हा नंबर कंपाउंड वॉलच्या परवानगीचा आहे, बिल्डिंगचा नाही. शिक्का, सही, तारीख सगळं अगदी खऱ्यासारखं होतं हो. टोकन द्यायच्या आधी हा एक हेलपाटा घातला असता तर पाटल्या वाचल्या असत्या.

बिल्डर आता फोन उचलत नाही. पोलिसात तक्रार दिली, पण साहेब म्हणाले पुरावा दाखवा, तो चेकचाच आहे, म्हणून तक्रारीत तीन लाखच लिहिलेत. पाटल्यांच्या दोन लाखांची पावतीच नाही आमच्याकडे.