दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी माहितीची पुस्तकं : कोणती मालिका कुणाला?

पुस्तक प्रदर्शनात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दहा पुस्तकांचा संच हातात धरून कुणी 'हा घेऊ का गं?' असं विचारलं, की मी आधी मुलाचं वय विचारत नाही. मूल पुस्तक कसं हाताळतं ते विचारते. गोष्ट संपेपर्यंत हलत नाही, नुसती चित्रं चाळतं, की दोन पानं वाचून स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतं? आमच्या घरीही असा एक संच हौसेनं आला होता. त्यातलं अंतराळाचं पुस्तक पानं सुटेपर्यंत वाचलं गेलं, बाकीची नऊ अजून कोरी करकरीत आहेत. म्हणून संच नको. एकेक पुस्तक घ्या, मालिका कोणतीही असो.

सगळ्यात जास्त घेतली जातात ती डीके या प्रकाशनाची 'आयविटनेस' पुस्तकं. १९८८ पासूनची ही मालिका ओळखू येते ती तिच्या पानावरून. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, मधोमध एखाद्या भुंग्याचा किंवा शिरस्त्राणाचा मोठा, खणखणीत फोटो आणि भोवती बारीक अक्षरातल्या ओळी. मोठ्यांना हे पान बघताक्षणी आवडतं. तिसरीतलं मूल मात्र फोटो बघतं आणि पान उलटतं, कारण त्या बारीक ओळी त्याच्या आवाक्यातल्या नसतात. तो काही दोष नाही. ही चाळायचीच पुस्तकं आहेत, सलग वाचायची नव्हेत. पण 'वाचनाची सवय लागावी' म्हणून घेणार असाल तर पैसे चुकीच्या ठिकाणी जातील. चौथी-पाचवीत, एका विषयाचं वेड लागलेल्या मुलाला ती द्यावीत, आणि किंमत बघता आधी वाचनालयातून आणून पाहावीत.

इंग्रजी नुकतंच स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्या मुलासाठी नॅशनल जिओग्राफिक किड्सचे 'रीडर्स' जास्त कामाचे. बत्तीसेक पानं, छोटी वाक्यं, नवा शब्द आला की त्याच पानावर चौकटीत अर्थ, मधूनच एखादा पांचट विनोद. शेवटाकडे कशाचा तरी अगदी जवळून काढलेला फोटो देऊन 'ओळखा पाहू' असतं, त्यावर आमच्याकडे भांडणं होतात. पुस्तक एका बैठकीत संपतं आणि 'मी अख्खं वाचलं' हा आनंद मुलाला मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा : लेव्हल २ म्हणजे इयत्ता दुसरी नव्हे. घरात मराठी बोलणाऱ्या तिसरीतल्या मुलाला लेव्हल १ सोपी जात असेल तर तिथूनच सुरुवात करा, लाज वाटायचं कारण नाही. उणीव अशी की प्राणी, ज्वालामुखी असे विषय झकास जमतात, पण 'का' या प्रश्नापाशी ही पुस्तकं फार थांबत नाहीत. माहितीचे तुकडे हाती लागतात, धागा नाही.

तो धागा मिळतो 'लेट्स रीड अँड फाइंड आउट सायन्स'मध्ये. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात काम केलेले फ्रँकलिन ब्रॅनली यांनी १९६० मध्ये सुरू केलेली ही मालिका मला सगळ्यात आवडते, आणि आपल्याकडे तिची चर्चा सगळ्यात कमी. एका पुस्तकात शक्यतो एकच प्रश्न : दिवस-रात्र का होतात, चंद्र बदलतो कसा. फोटोंऐवजी चित्रं, आणि एक वाक्य दुसऱ्याला धरून चालतं. चंद्राच्या कलांचं पुस्तक वाचून झाल्यावर दिवे घालवून, मोबाइलचा टॉर्च आणि एक मोसंबं घेऊन बसलात की पाठ्यपुस्तकातली आकृती वेगळी समजावावी लागत नाही. ऋतूंची पुस्तकं तेवढी टाळा. लालपिवळी पानगळ आणि दारात बर्फ हे अमेरिकेचं वर्ष आहे. आपला पळस पानं गाळतो आणि मग भर उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलतो, ते दाखवायला पुस्तकापेक्षा घाटातली एक चक्कर पुरते.

गोष्टीशिवाय पानच न उलटणारं मूल असेल तर 'मॅजिक स्कूल बस' (१९८६ पासून). बाई, वर्ग आणि बस थेट पोटात किंवा पाण्याच्या पाइपात शिरतात. मूळ पुस्तकांत कडेला वहीच्या कागदावर मुलांनी लिहिलेले छोटे निबंध असतात, आणि विज्ञान बरंचसं तिथेच असतं. मोठ्यानं वाचून दाखवताना मात्र आपली त्रेधा उडते : आधी गोष्ट, बुडबुड्यातले संवाद की कडेचा निबंध? मी पहिल्या वाचनात फक्त गोष्ट घेते, निबंध दुसऱ्या रात्री. खरं काय आणि थाप कोणती हे लेखिका शेवटी सांगते, ते पान सोडू नका. आणि मुखपृष्ठावर जोआना कोल व ब्रूस डेगन ही नावं बघून घ्या. टीव्ही मालिकेवरून काढलेली पातळ पुस्तकं वेगळी, त्यांत ती मजा नाही.

'हॉरिबल हिस्टरीज' या इतिहासाच्या विनोदी मालिकेबद्दल एवढंच : विनोद इंग्रजी शब्दखेळांवर आणि ब्रिटिश राजेराण्यांवर चालतो. चौथीपर्यंत थांबा.

आता मराठी. सेमी इंग्लिशच्या मुलांची एक गंमत असते, त्यांना 'इव्हॅपोरेशन' येतं आणि 'बाष्पीभवन' म्हटलं की ती आपल्याकडे बघत राहतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (२०१५ पासून) बरीच पुस्तकं अनेक भाषांत फुकट मिळतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. एकच पुस्तक शक्य तिथे दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचा. चार पातळ्या आहेत, दुसरी-तिसरीच्या मुलाला साधारण दुसरी पातळी झेपते. नारळाच्या बर्फीच्या निमित्ताने साधी यंत्रं सांगणारं तिथलं पुस्तक जरूर बघा. त्यातलं स्वयंपाकघर मुलाला आपलं वाटतं. अनुवाद मात्र कुणीही चढवू शकतं, त्यामुळे काहींचं मराठी खडबडीत असतं. पहिली दोन पानं आपण वाचूनच निवडा. नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिका स्वस्त आहे, कागद-छपाईचा थाट नाही, पण काही पुस्तकांतली चित्रं अप्रतिम.

स्क्रू ड्रायव्हरवाल्या मुलासाठी यातलं काहीच नको. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मराठीतही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्यावर त्रिकोण न डगमगता उभा राहतो आणि चौकोन कसा लगेच लुळा पडतो, हे हातालाच कळतं. ट्यूब सायकलच्या दुकानात मागा, मीटरभर घ्या, कमी पडते.

जुनी पुस्तकं घेणार असाल तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे वरच्यापैकी बरंच अर्ध्या किमतीत सापडतं. फक्त अंतराळाच्या पुस्तकाचं छपाईचं वर्ष बघा. २००६ च्या आधीचं असेल तर त्यात प्लूटो अजून नववा ग्रह असणार. मी तसं एक मुद्दाम घेतलं, नव्याशेजारी ठेवलं आणि काय बदललंय ते शोधायला सांगितलं. त्या दिवशी जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या.