गिअर लेगवरची ब्रेक लाइन: अ‍ॅल्युमिनियम, ब्रेडेड होज की नायलॉन?

आरव्ही-७ए, ९ए किंवा झेनिथचं सीएच ७५० (ही किटमधून स्वतः बांधायची छोटी विमानं) बांधताय आणि फ्युजलाजपासून (विमानाच्या धडापासून) गिअर लेगवरून, म्हणजे चाकाच्या पायावरून, खाली कॅलिपरपर्यंत (डिस्कला पॅड दाबणाऱ्या ब्रेकपर्यंत) ब्रेक ऑइलची लाइन कशाची टाकायची यावर गाडी अडकलीये, तर आधी हे बघा की तुमचं विमान टॅक्सी करताना वळतं कशाने. आरव्हीच्या 'ए' मॉडेलचं (नाकाखाली चाक असलेलं) पुढचं चाक मोकळं फिरतं, पेडलला जोडलेलं नसतं, म्हणजे हळू चालताना वळायचं तर एका बाजूचा ब्रेकच दाबायचा, आणि बाजूचा वारा असेल, टॅक्सीवे लांब असेल तर तोच ब्रेक परत परत वापरून डिस्क मस्त तापते. सीएच ७५० चं नोजव्हील थेट पेडलला जोडलेलं असतं, तिथे ब्रेक फक्त थांबायला. माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो, किंमत आणि वजन नंतर बघू.

नायलॉनचं पटकन सांगतो. स्वस्त, हलकं, कात्रीनेसुद्धा कापता येतं (तरी नीट कटरने काटकोनातच कापा), फ्लेअर (ट्यूबचं टोक शंकूसारखं पसरवणं) वगैरे काही नाही, कॉम्प्रेशन फिटिंग घट्ट केलं की झालं. हलक्या, हळू उतरणाऱ्या विमानाला ठीक आहे. पण गरम झालं की मऊ पडतं, त्यामुळे ब्रेकवर वळणाऱ्या विमानात तापलेल्या कॅलिपरपर्यंत नायलॉन नेणं मला तरी पटत नाही. वर पेडलजवळ असेल तर हरकत नाही.

खरी लढत अ‍ॅल्युमिनियम आणि होजची. पाव इंची ३००३-ओ (अ‍ॅल्युमिनियमचा मऊ प्रकार) ट्यूब म्हणजे जुना रिवाज, मऊ असते, हाताने वळते, लेगच्या कडेने टेपने बांधून टाकली की फेअरिंगच्या (लेगवरच्या कव्हरच्या) आत दिसतही नाही. ५०५२-ओ थोडी कडक पण जास्त दणकट, नवीन घेणार असाल तर तीच घ्या. दोन्हीला वळण देताना त्रिज्या ९/१६ इंचाच्या खाली आणायची नाही. लेग ही स्प्रिंगच आहे, उतरताना वाकते, पण लेगला चिकटलेली ट्यूब तिच्याबरोबर वाकते त्यामुळे मधल्या भागात सहसा काही होत नाही, जे काय व्हायचं ते दोन टोकांना, वर जिथे फ्युजलाजमधून लेगवर येते तिथे आणि खाली कॅलिपरला. कॅलिपर जागेवर पक्का नसतो हे विसरू नका, पिनांवर सरकतो, प्रत्येक ब्रेकला थोडा आणि पॅड झिजत गेले की कायमचा. सरळ ताठ ट्यूब जोडली तर तो सगळा ताण फ्लेअरच्या मुळाशी जातो आणि तडा पडतो तो नेमका नटाच्या आत, बाहेरून दिसतच नाही. म्हणून ट्यूबच वापरणार असाल तर शेवटी एक वेटोळं द्यायलाच हवं.

आणि फ्लेअर ३७ अंशाचाच. गाडीच्या ब्रेक पाइपचं टूल मित्राकडे असतं, ते ४५ अंशाचं असतं, त्याने केलेला फ्लेअर नटात बसतो, घट्टही होतो, कदाचित सुरुवातीला गळणारही नाही, म्हणूनच तो जास्त धोकादायक. नट आणि स्लीव्ह आधी ट्यूबवर चढवायची मग फ्लेअर, हे सगळ्यांना माहीत असतं तरी सगळे विसरतात 😄

होज म्हणजे आत टेफ्लॉन, बाहेर स्टेनलेसची जाळी, टोकं दाबून बसवून (क्रिम्प करून), प्रेशर टेस्ट करून तयार मिळतं. महाग आहे, थोडं जडही आहे, पण कॅलिपरची हालचाल सहज झेलतं, उष्णतेला दाद देत नाही आणि टायर बदलायला कॅलिपर सोडलात तर लाइन उघडावी न लागता बाजूला लोंबकळत ठेवता येतं, हा फायदा लोक मोजत नाहीत पण दर वेळी उपयोगी पडतो. तोटा एकच मोठा, ती जाळी कानशीसारखी घासते. लेगचा रंग, फेअरिंगचं फायबर, शेजारची अ‍ॅल्युमिनियम, जे लागेल ते खाते, त्यामुळे वरून कव्हर आणि जागोजागी रबर असलेले क्लॅम्प लागतातच. घट्ट करताना दुसरा पाना होजच्या षटकोनावर धरा, नाहीतर होजला पीळ बसतो आणि तो पीळ नंतर नट ढिला करायला बघतो.

माझं मत विचाराल तर 'ए' मॉडेलला पूर्ण लेगवर होज, फ्युजलाजच्या आत अ‍ॅल्युमिनियम. टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेल्या) आरव्ही-७ ला लेगवर ट्यूब आणि शेवटचा तुकडा होजचा चालेल, तिथे मागचं चाक वळवायला मदत करतं. सीएच ७५० ला नायलॉनवर भागतं, पण पैसे असतील तर खालचा भाग तिथेही होजच घाला.

पण नुसत्या लाइनने आग टळत नाही. तापलेल्या कॅलिपरमधला नायट्राइल रबराचा ओ-रिंग (गोल सील) कडक होऊन गळायला लागतो आणि ऑइल लालभडक डिस्कवर पडतं, तेव्हा लाइन कितीही भारी असली तरी उपयोग शून्य. नेहमीचं लाल ५६०६ ब्रेक ऑइल ८२ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडायला लागतं, ८३२८२ या दुसऱ्या ऑइलला हाच आकडा २०५ च्या पुढे आहे आणि सील तेच चालतात, म्हणून होजवर पैसे घालताय तर सोबत ८३२८२ आणि व्हायटॉनचे (जास्त उष्णता झेलणाऱ्या रबराचे) ओ-रिंग पण घ्या. गाडीचं डॉट ३ ब्रेक ऑइल चुकूनही नको, विमानाचे सील फुगतात.

एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) निमुळत्या आट्यांना पेस्ट सीलंट लावा, टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे आत जातात. फ्लेअरच्या आट्यांना काहीच लावायचं नाही. आणि होजची ऑर्डर चाक, कॅलिपर, ब्रॅकेट सगळं लावून झाल्यावर, दोरी धरून लांबी मोजूनच द्या, ड्रॉइंगवरून नको, कारण एल्बो कुठल्या कोनात येऊन घट्ट होतो हे प्रत्येक लेगला वेगळं असतं आणि इंचभर आखूड होज आलं तर ते परत कोणी घेत नाही.