कोपरा हरवलेली खोली

मेक्सिकन चित्रपटकार गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज’ या भयकथांच्या मालिकेचे आठ भाग ऑक्टोबर २०२२ मध्ये, रोज दोन याप्रमाणे, चार दिवसांत नेटफ्लिक्सवर आले. प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र आणि दिग्दर्शकही वेगळा असल्यामुळे थोडे डावे-उजवे होणार हे गृहीतच होते. परंतु ‘ड्रीम्स इन द विच हाउस’ या सहाव्या भागाने केलेली निराशा तेवढ्यावर सोडून देता येत नाही, कारण मूळ कथेत ज्याची भीती वाटते तेच इथे काढून टाकलेले आहे.

ही कथा अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांची असून ती १९३३ साली ‘विअर्ड टेल्स’ मासिकात छापून आली. तिचा नायक वॉल्टर गिलमन गणिताचा विद्यार्थी आहे. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलमच्या तुरुंगातून नाहीशी झालेली केझाया मेसन ही चेटकीण ज्या खोलीत राहत असे, ती खोली तो मुद्दाम मागून घेतो. खोलीची उत्तरेकडची भिंत आत कललेली आहे आणि बुटके छतही त्याच दिशेने खाली उतरत गेले आहे. त्या कोपऱ्याकडे रोज पाहता पाहता गिलमनच्या मनात हे घट्ट बसते की रेषा आणि कोन योग्य रीतीने जुळले तर माणूस इथून उठून थेट दुसऱ्या मितीत पाऊल टाकू शकतो. नारायण धारप वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको.

दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक आणि पटकथाकार मिका वॉटकिन्स यांनी मात्र गणिताला रजा दिली आहे. रुपर्ट ग्रिंट याने साकारलेला वॉल्टर लहानपणी वारलेल्या एपर्ली या जुळ्या बहिणीच्या आत्म्याचा शोध घेत हिंडतो आणि परलोकविद्येच्या मंडळींसाठी काम करतो. मूळ कथा बदलली म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. भावाबहिणीच्या ताटातुटीतूनही उत्तम भयकथा होऊ शकते. अडचण अशी की इथे परलोकात जायला एक मादक द्रव पुरेसा ठरतो. तो घशाखाली उतरला की वॉल्टर हरवलेल्या आत्म्यांच्या जंगलात पोहोचतो. मग चेटकिणीची खोली हवी कशाला? तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला, तरी ती खोली मला कुठल्याही पडक्या घरातल्या माळ्यासारखीच वाटली.

जंगलातून परतताना वॉल्टरच्या मुठीत एपर्लीच्या कपड्याचा फाटका तुकडा येतो, तेवढा क्षण खरोखर अंगावर काटा आणतो. तिथे थांबून त्या तुकड्याकडे नीट पाहायला हवे होते. पण पटकथेला भविष्य रंगवणारी चित्रकर्ती, चर्च, पाठलाग असे सगळेच उरकायचे असते. झाडाच्या मुळांतून घडल्यासारखी दिसणारी केझाया ही रंगभूषाकारांची कमाई आहे, आणि ग्रिंटही मनापासून राबला आहे, जरी त्याचा घाबरा सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत राहतो.

याच मालिकेतला डेव्हिड प्रायर यांचा ‘द ऑटोप्सी’ हा तिसरा भाग पाहिला की हा फरक अधिक बोचतो. तिथे शवविच्छेदनाचे टेबल, एक थकलेला डॉक्टर आणि रांगेने ठेवलेली प्रेते एवढ्याच भांडवलावर बंद जागेतली हवा जड होत जाते. इथे मात्र घर, जंगल आणि परलोक हाताशी असून भीती कुठेच वस्तीला येत नाही.

केझायाच्या सोबतीला असणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंदराचे तर मला फार वाईट वाटले. लव्हक्राफ्टचा हा प्राणी कागदावरही किळस आणतो. पडद्यावर तो इतके बोलतो की शेवटी वॉल्टरचे शरीर बळकावून उठतो तेव्हाही दचकायला होत नाही. आता हा आणखी किती बोलणार, एवढेच मनात येते.